शाळेतली कृतज्ञता-वही: तिच्यामुळे मुलांचे मन खरेच समाधानी होते का?

अजनीकर

आमच्या भागातील एका शाळेने यंदा पाचवी ते आठवीच्या मुलांना 'कृतज्ञता-वही' सक्तीची केली आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटते अशा तीन गोष्टी मुलाने लिहायच्या, पालकांनी खाली सही करायची आणि शनिवारी वर्गशिक्षिका वही तपासून मूल्यशिक्षणाचे गुण देणार. माझा मुलगा सहावीत आहे. सुरुवातीच्या पानांवर त्याने खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सायकलची उतरलेली चेन बसवून दिल्याचे लिहिले होते, आणि डबा विसरला त्या दिवशी बाकावरच्या मित्राने आपल्या डब्यातले अर्धे पोहे काढून दिल्याचेही. आता पानामागून पान 'आई, बाबा, जेवण' एवढेच आहे, क्वचित क्रम बदललेला. एका ठिकाणी पुढच्या आठवड्याच्या तारखा आधीच टाकून सगळा मजकूर एका बैठकीत उरकला आहे, कारण शाईचा रंग आणि अक्षराची घाई सातही दिवस एकच आहे. त्याला रागवावे असे मला वाटले नाही. ज्याचे गुण मिळतात ते मुले गुणांसाठीच करणार.

कृतज्ञतेने मन निरोगी राहते हा विचार शाळेने हवेतून आणलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कुलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी पहिल्यात काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, आयुष्यात लाभलेल्या पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी आणि काहींना नुसत्या घडामोडी. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटू लागले. २००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहिणाऱ्यांची प्रसन्नता सहा महिन्यांनंतरही वाढलेली असल्याचे नोंदवले. शाळेची वही या दुसऱ्या प्रयोगावरून उतरवलेली दिसते. त्यातला 'का घडले' हा भाग तेवढा गळून पडला आहे, आणि माझ्या मते सगळा जीव त्याच भागात होता. त्याच काळात सोंजा ल्युबोमिर्स्की यांच्या गटाला असे आढळले होते की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. मग रोजची सक्ती कशाच्या आधारावर?

परंतु माझा मुख्य आक्षेप किती वेळा लिहायचे याला नाही. आपल्या परंपरेत कृतज्ञता ही ऋणाची बाब मानली गेली आहे. तैत्तिरीय संहितेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत, शतपथ ब्राह्मणाने त्यात माणसांच्या ऋणाची भर घातली, आणि प्रत्येक ऋणासमोर ते फेडण्याची कृती ठेवली: यज्ञ, अध्ययन, संतती, आणि माणसांच्या ऋणासाठी आल्यागेल्याला आसरा व अन्न. यात कृतज्ञ माणसाला कसे वाटते हा प्रश्नच नाही, त्याने काय केले एवढाच प्रश्न आहे. वहीत नेमके उलट घडते. ज्या आजोबांनी चेन बसवून दिली त्यांना काही कळत नाही, त्यांच्यासाठी कोणी काही करत नाही, आणि लिहिणाऱ्याला मात्र ऋण फिटल्याचे समाधान मिळते. ज्या कृतज्ञतेपोटी उठून काही करावे लागत नाही आणि जी स्वतःला बरे वाटावे म्हणूनच बाळगली जाते, तिला मी कृतज्ञता म्हणायला तयार नाही. आपणा सर्वांचे मत जाणून घ्यायला आवडेल. विरोधी मत असल्यास अवश्य लिहावे.

धरमपेठ_समुपदेशन

अजनीकर सर, मी शाळकरी मुलांचे समुपदेशन करते, त्यामुळे विरोधी मत माझ्याकडूनच येणार. आपण दिलेले प्रयोग मोठ्या माणसांचे आहेत. जेफ्री फ्रोह आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर, अकरा वर्गांत, दोन आठवडे रोजच्या लेखनाचा प्रयोग केला होता, आणि कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्या मुलांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल अधिक आशा वाटू लागली, शाळेबद्दलचे समाधानही वाढले. वय आपल्या मुलाचेच आहे. तेव्हा रोज लिहिणे मुळातच निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही. गुण देणे चुकीचे आहे, तारखा टाकून उरकणे हा गुणांचा परिणाम आहे, आणि त्याबद्दल मी शाळेची बाजू घेणार नाही.

आपल्या दुसऱ्या मुद्द्याने मात्र मला काळजी वाटली. कृतज्ञता म्हणजे ऋण, आणि ऋण म्हणजे फेड, ही आपली परंपरा आहे हे खरे, पण दहावीच्या वर्षात माझ्यासमोर बसलेली कितीतरी मुले याच ऋणाखाली दबलेली असतात. 'तुझ्यासाठी वावर विकलं', 'तुझ्यासाठी नागपुरात खोली केली', ही वाक्ये ज्यांनी रोज ऐकली आहेत त्यांना कृतज्ञता शिकवावी लागत नाही. त्यांना ती इतकी आहे की झोप येत नाही. अमेरिकन आणि भारतीय सहभागींची तुलना करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कृतज्ञतेचा सराव केल्यावर भारतीय सहभागींमध्ये चांगल्या भावनांबरोबर अपराधीपणा आणि उदासीही वाढलेली दिसली. आपल्याकडची कृतज्ञता कर्जाच्या हिशेबाशी बांधली गेल्याचाच तो परिणाम आहे असे मी मानते. वहीतली कृतज्ञता काहीच मागत नाही हा आपला आक्षेप आहे. माझ्या दृष्टीने तोच तिचा गुण आहे. आज कोणी तरी माझ्यासाठी थांबले, एवढेच मुलाने टिपावे, आणि त्यावर परतफेडीचे ओझे नसावे.

काटोलकर

मी शेतकरी आहे आणि या विषयावरचे प्रयोग मी वाचलेले नाहीत, पण कृतज्ञता कशी करतात हे आमच्या गोठ्यात दर श्रावण अमावास्येला दिसते, म्हणून लिहितो.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी असते. बैलाचा खांदा आधी ऊन पाण्याने शेकायचा, मग लोणी आणि हळद दोन्ही हातांनी जिरेपर्यंत चोळायची. जिथे वर्षभर जू बसते तिथले कातडे घट्ट झालेले असते, केस गेलेले असतात, आणि हात तिथे पोचला की बैल अंग सोडून देतो. वडील त्या वेळी बैलाच्या कानाशी म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि मीही तेच म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, कितीही वाफसा असो आणि डवरणी कितीही खोळंबलेली असो. आधी बैलाला पुरणपोळी, मग घरच्यांची पंगत. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, त्या दिवशी नवे कपडे द्यायचे ही आमच्या घरची रीत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की पोळा करायला खर्च येतो. एक दिवस बुडतो, पुरण शिजवावे लागते, खांदा मळताना ज्या जखमा हाताला लागतात त्या आपणच केलेल्या आहेत हे कळते. समुपदेशक ताई म्हणतात त्या अपराधीपणाची एवढी भीती मला वाटत नाही, कारण खांद्यावरची गाठ हाताला लागल्यावर थोडे अपराधी वाटलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी जू नीट बसवायचे कोण लक्षात ठेवणार? अजनीकरांचे म्हणणे मला पटते. मुलाला वही देण्यापेक्षा मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल हाती देऊन घरोघरी पाठवतो, तेव्हा तो जास्त शिकतो.

इंदोरावासी

काटोलकर भाऊ, आपण जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि त्याबद्दल आदर ठेवूनच मी विरोध करते. बैल बारा महिने राबतो आणि एक दिवस जेवतो, आणि त्याला बोलता येत नाही म्हणून हे चालते. सालदाराला बोलता येते. त्याला पोळ्याला कपडे मिळाले याबद्दल त्याने कृतज्ञ राहावे की वर्षाची मजुरी ठरल्या दिवशी आणि पुरेशी मिळावी हे मागावे, हा प्रश्न आपल्या लेखनात आलाच नाही. ज्या व्यवहारात एकाच्या हातात सगळे देणे आहे तिथे कृतज्ञतेची रीत ही बहुधा देणाऱ्याची सोय असते. माझ्या आजोबांच्या पिढीला गावात शिळी भाकर मिळाली तरी उपकार मानावे लागत, आणि न मानल्यास माजला म्हणत. ऋणाच्या परंपरेचा गौरव करताना अजनीकर सरांनी हेही तपासावे की त्या परंपरेत कोणाचे ऋण मोजले गेले आणि कोणाच्या श्रमाचे ऋण कधी कोणाच्या खात्यावर चढलेच नाही. झाडलोट करणारी आजी शतपथ ब्राह्मणाच्या यादीत कुठे बसते?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच विषयावर सावध केले होते. देशाची आयुष्यभर सेवा केलेल्या थोर माणसांविषयी कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा आहेत, असे सांगून त्यांनी आयरिश देशभक्त डॅनिएल ओकॉनेल यांचा दाखला दिला: कोणताही पुरुष आपला सन्मान गमावून, कोणतीही स्त्री आपले शील गमावून आणि कोणतेही राष्ट्र आपले स्वातंत्र्य गमावून कृतज्ञ राहू शकत नाही. कृतज्ञतेची मर्यादा सांगणाऱ्या या माणसाविषयी जेवढी कृतज्ञता दीक्षाभूमीवर दिसते तेवढी मी इतरत्र पाहिलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धम्मदीक्षा झाली तिथे आजही दरवर्षी लाखो माणसे येतात, रात्रभर रांगेत उभी राहतात, पुस्तकांच्या स्टॉलवर खिशातले शेवटचे पैसे देऊन ग्रंथ विकत घेतात, आणि आमच्या वस्त्यांतले लोक रस्त्याच्या कडेला अन्नदान करतात. ही कृतज्ञता माणसाला वाकवत नाही, कारण जे मिळाले तो हक्क होता, दया नव्हती, हे तिथे आलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

अमेरिकेचे उदाहरण इथे दिले गेले म्हणून आणखी एक. तिथला आभार मानण्याचा राष्ट्रीय दिवस (थँक्सगिव्हिंग) लिंकन यांनी १८६३ मध्ये जाहीर केला, आणि १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथ येथे तिथले मूळनिवासी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. एकाच गुरुवारी एक समाज आभार मानतो आणि ज्यांची जमीन गेली तो समाज शोक करतो. तेव्हा शाळेच्या वहीबद्दल माझा प्रश्न असा आहे: ज्या मुलीच्या घरी चार दिवसांपासून नळाला पाणी नाही, तिने त्या रात्री तीन चांगल्या गोष्टी शोधाव्यात, की पाणी का नाही हे लिहावे?

रात्रपाळी

मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. अजनीकर सरांच्या मूळ मांडणीतली एक गोष्ट कोणी खोडली नाही म्हणून लिहिते. कृती हीच कृतज्ञता, बोलणे-लिहिणे दुय्यम, असे म्हणणे घेणाऱ्याला फार सोयीचे आहे. आमच्या घरांत सून वीस वर्षे स्वयंपाक करते आणि 'आपल्या माणसांत आभार कसले' या एका वाक्यावर तिची बोळवण होते. न सांगता कळते असे म्हणणारा सहसा ताटावर बसलेला असतो, वाढणारी असे म्हणत नाही.

वॉर्डात पहाटे चारच्या सुमारास सलाईन बदलताना एखादा रुग्ण झोपेतून उठून "सिस्टर, तुम्ही बसल्याच नाही रात्रभर" एवढे म्हणतो, तेव्हा त्याने काही दिलेले नसते, फेडलेले नसते, तरी उरलेली पाळी सोपी जाते. गडचिरोलीकडच्या एका म्हातारीचा मुलगा तिला घरी नेल्यानंतर पंधरवड्याने घरच्या तांदळाची पिशवी घेऊन परत आला होता. नियमाने आम्ही ती घेऊ शकलो नाही. तो ओशाळला. मग मी त्याला म्हटले, आईची तब्येत कशी आहे ते एका कागदावर लिहून दे. त्याने उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या, आईला आता काठीशिवाय अंगणापर्यंत जाता येते म्हणून. तो कागद माझ्या कपाटात आहे. लिहिलेल्या शब्दाला कमी लेखू नका.

इंदोरावासी ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. आधी मी एका खासगी ठिकाणी काम करत होते, तिथे भिंतीवर आभाराचा फलक लावला होता आणि प्रत्येक पाळीने त्यावर व्यवस्थापनाबद्दल काहीतरी चांगले लिहावे अशी अपेक्षा होती. त्या काळात आमचे पगार थकलेले होते. तो फलक मी विसरलेले नाही. मात्र त्यामुळे वरून मागितलेली कृतज्ञता वाईट ठरते, मुलाने आजोबांबद्दल आपणहून लिहिलेली वाईट ठरत नाही.

अजनीकर

सर्वांनी मनापासून लिहिले याचा आनंद वाटला. एकेकाला उत्तर देतो.

रात्रपाळी ताई, आपल्या माणसांत आभाराचे शब्द नसणे हा केवळ मराठी घरांचा दोष नाही. २०१८ मध्ये सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधील रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मागितले आणि ते मिळाले अशा प्रसंगांत, सगळ्या भाषा मिळून, साधारण वीसपैकी एखाद्याच वेळी शब्दांनी आभार मानलेले आढळले. इंग्रजी आणि इटालियनमध्ये प्रमाण थोडे अधिक होते. एकमेकांना मदत करणे हे गृहीत धरलेले असते म्हणून समाज चालतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. तरीही आपला मुद्दा मी बाजूला सारत नाही. तो अभ्यास मीठ पुढे करणे, दिवा लावणे अशा लहान मदतीचा आहे. वीस वर्षांच्या स्वयंपाकाला तो लागू करता येणार नाही.

समुपदेशक ताई, अपराधीपणाला आपण दोष मानता, जपानमधील नायकान पद्धत मात्र त्यालाच साधन बनवते. योशिमोतो इशिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात रूढ केलेल्या या पद्धतीत माणूस आठवडाभर खोलीच्या कोपऱ्यात पडद्याआड बसतो आणि आईपासून सुरुवात करून एकेका व्यक्तीबद्दल तीन प्रश्नांची उत्तरे आठवतो: तिच्याकडून मला काय मिळाले, मी तिला काय दिले, आणि माझ्यामुळे तिला कोणता त्रास झाला. ठराविक अंतराने मार्गदर्शक येऊन शांतपणे ऐकून जातो. तिथल्या तुरुंगांमध्येही ही पद्धत वापरली गेली आहे. दुसरा आणि तिसरा प्रश्न काढून टाकला तर उरते ती आपली शाळेची वही. उत्तर अमेरिकेतील हौदेनोसौनी या मूळनिवासी लोकांची रीत आणखी वेगळी आहे. सभेच्या आरंभी आणि शेवटी एकजण माणसे, धरती, पाणी, मासे, झाडे, पक्षी, वारे, सूर्य असे क्रमाने सर्वांचे आभार मानतो, आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेले लोक आमचे मन एक झाले म्हणून होकार देतात. ती एकट्याने उशाशी घेऊन लिहायची गोष्ट नाही. शिवाय २०१३ मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरियातील विद्यार्थ्यांची तुलना झाली, तेव्हा कृतज्ञतेची पत्रे लिहिण्याचा लाभ कोरियन विद्यार्थ्यांना अमेरिकनांपेक्षा बराच कमी झाला, तर दुसऱ्यासाठी काही करण्याचा लाभ दोघांनाही सारखाच झाला. एका समाजाची रीत जशीच्या तशी उचलून दुसरीकडे राबवू नये, एवढे तरी यावरून म्हणता येते.

इंदोरावासी ताई, आपल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ऋणाच्या यादीबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. शाळेला मी जे पत्र देणार आहे त्यात तीन मागण्या ठेवतो. गुण बंद करावेत. लेखन आठवड्यातून एकदा असावे, आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते मुलाने स्वतः नेऊन द्यावे किंवा वाचून दाखवावे. आणि ज्या आठवड्यात लिहायला चांगले काही नसेल, त्या आठवड्यात काय वाईट झाले हे लिहिण्याची मुभा असावी, ते शाळेने वाचावे आणि त्यावर काही करावे.

इंदोरावासी

तिसरी मागणी आपण शेवटी ठेवली आहे, ती पत्रात पहिली ठेवावी. आणि शाळेचे शिपाई आणि स्वच्छतागृह धुणाऱ्या बाई यांना मुले नावाने ओळखतात का, हेही त्याच पत्रात विचारावे.

धरमपेठ_समुपदेशन

गुण काढणे आणि आठवड्यातून एकदा लिहिणे मला मान्य आहे. मुलाने लिहिलेले स्वतः नेऊन देण्यालाही आधार आहे, कारण सेलिग्मन यांच्याच प्रयोगांत आभाराचे पत्र स्वतः जाऊन वाचून दाखवणाऱ्यांची प्रसन्नता सर्वांत जास्त वाढली होती. महिनाभरानंतर तो परिणाम ओसरू लागला, हेही लक्षात असू द्यावे. एकूणच या सरावांचा परिणाम लहान असतो. २०२१ च्या एका संकलित अभ्यासात, सत्तावीस प्रयोग एकत्र पाहिल्यावर, नैराश्य आणि चिंता यांवर त्यांचा प्रभाव थोडाच आढळला. ज्या मुलाला उपचाराची गरज आहे त्याच्या हाती वही देऊन शाळेने मोकळे होऊ नये, हे वाक्य आपल्या पत्रात घालावे अशी माझी विनंती आहे.

नायकानबद्दल मी सहमत नाही. तो मोठ्या माणसाने स्वेच्छेने, ऐकणारा सोबत असताना केलेला आठवडा आहे. बारा वर्षांच्या मुलाला 'माझ्यामुळे आईला कोणता त्रास झाला' हे रात्री एकट्याने लिहायला लावू नये, इतक्या स्पष्टपणे मी सांगेन. आणि तक्रारीसाठी वेगळी वही असावी. दोन्ही एकाच वहीत असतील आणि तपासणारी शिक्षिका एकच असेल, तर तक्रार लिहिण्यापूर्वी मूल दोनदा विचार करेल आणि पुन्हा 'आई, बाबा, जेवण' लिहून मोकळे होईल.

काटोलकर

इंदोरावासी ताईंचा प्रश्न मनात राहिला. सालदाराची मजुरी आम्ही पाडव्याला ठरवतो, त्या वेळी बोलणारा मी असतो आणि मान हलवणारा तो असतो, हे खरे आहे. पोळ्याचे कपडे मी बंद करणार नाही, कारण ती रीत वडिलांची आहे आणि त्यालाही ती आवडते. परंतु येत्या पाडव्याला आकडा आधी त्याने सांगावा असे मी त्याला कळवले आहे. त्याने विचारून सांगतो म्हटले आहे.